फ्रेंडशिप पीक, 5289 मीटर: नागपुरातल्या तयारीची एप्रिलअखेरची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत शिखर ठरलं होतं, टीम ठरली होती, पैशांचं गणित अर्धवट होतं. ते अजूनही अर्धवटच आहे, त्यामुळे तो विषय नको. या महिन्यात खरं काम झालं ते रामटेकच्या पायऱ्यांवर आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: वेगवेगळ्या कॉलेजांतली आम्ही आठ मुलंमुली, जूनमध्ये मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक. तिघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, बाकीच्यांनी बर्फ रसवंतीतच पाहिलाय. सोबत मनालीचे गाइड. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटर. शिखरावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. नागपुरात बसून ही सवय शरीराला लावता येत नाही, कोणी कितीही प्राणायाम सांगो.

पाय मात्र इथं नक्की तयार होतात. बेस कॅम्प सुमारे 3850 मीटरवर, म्हणजे शिखराच्या रात्री 1400 मीटरहून जास्त चढायचं आणि तेवढंच उतरायचं. होस्टेलचा चार मजली जिना एकदा चढला की फार तर 12 मीटर होतात. हिशेब तुम्हीच करा. रोजच्यासाठी सेमिनरी हिल्सचा टीव्ही टॉवरकडचा चढ, आणि रविवारी रामटेक. अंबाळा तलावाकडून गडावर जाणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्यांवर पहाटे पाचला सुरुवात, आठला बंद. त्यानंतर दगड तापतो. सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि वर गेल्यावर पाणी झाडांना घालायचं. चढताना 15 किलो, उतरताना रिकामी सॅक. गुडघे शाबूत राहतात. रेती किंवा विटा भरणाऱ्यांना हा बदल करून बघा असं सांगेन. बाटल्या माकडांपासून सांभाळाव्या लागतात, एवढाच त्रास.

चढताना एकच नियम आहे: बोलता आलं पाहिजे. ज्याचं वाक्य मध्येच तुटतं त्यानं वेग कमी करायचा. आमच्यातला सगळ्यात तेज गडी याच नियमावरून सगळ्यात जास्त बोलणी खातो.

उन्हाबद्दल दोन शब्द. ‘नागपूरचं ऊन सोसलं की हिमालय सोपा’ असं ऐकवणारे पुष्कळ भेटतात. उन्हात सराव केला की रक्तातला द्रव भाग वाढतो, हे खरं. पण उंचीवर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत शरीर तोच द्रव कमी करून रक्त दाट करतं. म्हणून 43 अंशांत धावून उंचीची तयारी होते, हे मला पटत नाही. उष्माघात तेवढा पदरात पडेल.

दोराचा सराव कॅम्पसमधल्या कडुनिंबावर चालू आहे. दोर टांगलाय, त्यावर जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावून चढायचं आणि इंग्रजी आठच्या आकाराच्या डिसेंडरवर (दोरावरून हळू उतरायची कडी) उतरायचं. उघड्या हातांनी सगळ्यांना जमतं. मग हातमोजे घालायला लावले, आत लोकरीचे आणि वरून जाड. कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं, स्क्रू-लॉक दोन बोटांत पकडून फिरवायचं, गेट उघडायचं, दोर आत घ्यायचा, लॉक पुन्हा बंद. एप्रिलच्या संध्याकाळी मोज्यातून घाम मनगटावर उतरतो, लॉक बोटांतून निसटतं, आणि उघड्या हातांनी चुटकीसरशी होणारं काम संपता संपत नाही. गाठ बदलताना दुसरी स्लिंग (अंगाला जोडलेली पट्टी) दोराला अडकलेली हवी, म्हणजे कोणत्याही क्षणी माणूस दोराला जोडलेलाच असतो. हे तोंडपाठ असून उपयोग नाही, हाताला माहीत पाहिजे. आइस अ‍ॅक्सनं (बर्फाच्या कुऱ्हाडीनं) घसरण थांबवायचं तंत्र इथं शिकवून काही फायदा नाही. ते बर्फावरच.

ट्रेकिंगचे बूट मुरावेत म्हणून काही जण ते दिवसभर घालतात. तर्री-पोह्याच्या ठेल्यावरच्या भाऊंनी परवा खाली पाहून विचारलंच, “काहून बे, बर्फ पडला का नागपुरात?” बर्फाचे दुहेरी बूट आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) मनालीत भाड्यानं घेणार आहोत. क्रॅम्पॉन त्याच बुटावर घट्ट बसतो का, हे दुकानातच बघायचं.

आता लॅबचं. विदर्भातून उंचीवर जाणाऱ्या प्रत्येकानं हा भाग वाचावा. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, भरपूर आहे. एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असेल तर घरी बहुतेक माहीत असतं. एएस, म्हणजे वाहक, त्याला एरवी काही त्रास नसतो, त्यामुळे पुष्कळदा पत्ताच नसतो. उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की वाहकाच्याही लाल पेशी वाकू शकतात आणि प्लीहेचा (पोटात डावीकडच्या अवयवाचा) रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगड्यांखाली असह्य कळ येते, आणि तंबूत सगळ्यांना वाटतं पोट बिघडलं. प्रत्येक वाहकाला हे होतं असं नाही. कित्येक जण काही न होता जाऊन येतात. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. आम्ही आठही जणांची आधी सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची प्राथमिक चाचणी) केली, आणि ज्याची पॉझिटिव्ह आली त्याची इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे एएस की एसएस ते सांगणारी चाचणी. तो एएस निघाला.

तो म्हणजे टीममधला सगळ्यात दणकट गडी. डॉक्टरांनी मनालीच्या वर जाऊ नको म्हणून स्पष्ट सांगितलं. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. मग आला आणि म्हणाला, “मंग मी मनालीत बसून काय करू, सफरचंदं मोजू का बे?” काम भरपूर आहे: हवामान बघणं, घरच्यांचे फोन घेणं, गडबड झाली तर खालून गाडी आणि दवाखाना जमवणं. त्यानं ते घेतलंय. ट्रेकिंग क्लबांच्या मेडिकल फॉर्ममध्ये बीपी-शुगर विचारतात. विदर्भात हाही रकाना हवाच.

दोघींचं हिमोग्लोबिन कमी आलं. उंचीवर शरीर नव्या लाल पेशी बनवतं आणि त्याला लोह लागतं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. मे मध्यावर पुन्हा तपासणी, निर्णय त्यानंतर.

सगळ्यात मोठं भांडण वेळापत्रकावरून झालं. काहींचा शेवटचा पेपर जूनमध्ये, परतीचं रिझर्व्हेशन मिळतंय तेवढंच, आणि मधले दिवस कमी पडतात. पहिल्या आराखड्यात मनालीत एक रात्र, वाटेतल्या बकरथाचच्या मुक्कामाला एक, बेस कॅम्पला एक, की लगेच शिखर. मी विरोध केला. 310 मीटरवरून रेल्वे आणि बसनं दोन दिवसांत 2050 मीटरच्या मनालीत उतरायचं, आणि लगेच पळत सुटायचं? 3000 मीटरच्या वर झोपायच्या जागेची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. बकरथाच सुमारे 3300 वर, बेस कॅम्प 3850 वर. मर्यादा तिथंच ओलांडली जाते. शेवटी बकरथाचला दोन रात्री, बेस कॅम्पला शिखराआधी दोन रात्री, आणि एक राखीव दिवस, एवढं पदरात पडलं. बदल्यात दिल्लीतला मुक्काम गेला. राखीव दिवस ‘वाया’ म्हणणारे अजून दोघे आहेत. 2018 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं एव्हरेस्टवर गेली, तेव्हा तीही आधी हिमालयात राहून सराव करूनच गेली होती, हे त्यांना ऐकवून झालंय.

खाण्याचं ठरतंय. बेस कॅम्पला पाणी साधारण 87 अंशांनाच उकळतं, तेव्हा कुकरशिवाय तूरडाळ विसरा. गुळपापडी, सत्तू, शेंगदाण्याची चटणी पक्की. एकानं सावजी मसाल्याची पुडी यादीत घुसवली आहे. ती मी दोनदा खोडली, तो तिसऱ्यांदा लिहितो.

परवानगी आणि विम्याचे कागद चालू आहेत.

पुढच्या आठवड्यात परत फिरायची वेळ ठरवायची आहे. रात्री एकला निघून, जिथं असू तिथून सकाळी दहाला मागे, असं माझं म्हणणं. ऊन चढलं की बर्फ मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि हिमस्खलनाचा धोका वाढतो. तेज गड्याला अकरा हवेत. गाइडशी फोनवर बोलून जी वेळ ठरेल ती कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेणार. रविवारी रामटेकला येणाऱ्यांनी बाटल्या घरूनच भरून आणाव्यात.