किड्याच्या किती जवळ जायचं?

मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, घ्यायला गेलं की दुकानात सगळ्यात आधी ‘एकास एक’ ऐकायला मिळतं. म्हणजे एक सेंटिमीटरचा किडा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरही (चित्र टिपणाऱ्या पट्टीवरही) एक सेंटिमीटरचाच उमटतो. ते महत्त्वाचं आहेच. पण मी फोटो काढतो ते परभणी जिल्ह्यातल्या मानवतकडच्या आमच्या कापसात, बांधावर आणि विहिरीच्या काठावर. तिथं मला आधी दुसराच आकडा लागतो. लेन्सचं तोंड आणि किडा यांच्यात जागा किती उरते?

हा आकडा सहसा जाहिरातीत नसतो. तिथं किमान फोकस अंतर, म्हणजे किती जवळचं स्पष्ट दिसतं ते, दिलेलं असतं आणि ते सेन्सरपासून मोजतात. कॅननच्या ईएफ १०० एमएम एल मॅक्रोचं हे अंतर ३० सेंटिमीटर. (एमएम म्हणजे इथं लेन्सची फोकल लेंग्थ, तिची लांबी नव्हे.) त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा करा, पुढे साधारण १३ सेंटिमीटर उरतात. त्यांच्याच ६० एमएमला उरतात ९ च्या आसपास, म्हणजे मूठभर जागा. १८० एमएमला वीतभर मिळते. तिन्ही लेन्सा एकास एकच आहेत, पण विहिरीवरच्या चतुराला त्या सारख्या वाटत नाहीत. मूठभर अंतरावर कॅमेरा आला की तो उडतो, शिवाय आपल्याच लेन्सची सावली त्याच्यावर पडते. चतुर बऱ्याचदा उडून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो. वीतभर लांब थांबून वाट बघितली तर डोळ्यांचे पैलू दिसतील असा फोटो मिळतो.

मृगाच्या किड्याचं तसं नाही. पहिल्या पावसानंतर काळ्या रानात तो लाल मखमली जीव इतका सावकाश चालतो की ६० एमएमही चालते. (त्याला आठ पाय असतात, तो कोळ्याच्या गोतावळ्यातला. पण आमच्याकडं तो किडाच.)

म्हणून कुणी विचारलं की मी ९० ते १०५ एमएममधली लेन्स सांगतो. १५० आणि १८० जड पडतात, वाऱ्यात हात डुलतो. माझं पोट लग्नाच्या फोटोंवर चालतं, आणि अंगठी, मंगळसूत्र, मेंदी यांसाठी हीच १०० एमएम वापरतो. किड्यांसाठी घेतलेली लेन्स लगीनसराईत कमावते, हा हिशोबही धरा.

पैसे कमी असतील तर? घरात ५५-२५० एमएमसारखी झूम असेल तर रेनॉक्सची डीसीआर-२५० ही छोटी भिंग-लेन्स बघाच. तिची ताकद ८ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरासारखं माप) आहे आणि ५२ ते ६७ एमएम आट्यांच्या लेन्सवर चिमट्यानं बसते. झूमचा फोकस अनंतावर ठेवला की किडा साधारण १२ सेंटिमीटरवर स्पष्ट होतो, मग झूम कितीही असो. २५० एमएमवर जवळपास दुप्पट मोठा दिसतो. ५० एमएमला १२, २० आणि ३६ एमएमच्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणाऱ्या पोकळ नळ्या) एकत्र लावूनही एकास एकच्या पुढं जाता येतं, पण किड्याला लेन्स टेकायची तेवढी राहते. शांत बसलेल्या अळीसाठी ठीक.

मावा मात्र एकास एकमध्येही ठिपक्यासारखाच दिसतो, कारण तो असतोच एक-दोन मिलिमीटरचा. तिथं दुप्पट मोठं दाखवणारी जोडणी लागते. ती खरी कामी आली ती गेल्या हंगामात. वडील पंप भरायच्या तयारीत होते. मला म्हणाले, “फोटो काय काढायलास, फवारा मार की!” पानावर काळपट, काटेरी दिसणारी अळी होती. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठी करून दाखवली, तर तिच्या जबड्यात मावा. ती ढालकिड्याची अळी, आपल्याच कामाची. वडिलांनी त्या पट्ट्यातला फवारा थांबवला. मावा खाणाऱ्या क्रायसोपा या मित्रकिड्याची अंडीही मी त्यांना अशीच दाखवली, केसाएवढ्या दांड्यांवर उभी असलेली. इतकी वर्षं शेती करून त्यांनी ती कधी बघितली नव्हती.

लेन्स कुठलीही घ्या, एकास एकला एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) ठेवूनही खोलीत जेमतेम मिलिमीटरभरच स्पष्ट येतं, आणि प्रकाश एफ/२२ एवढाच पोचतो. म्हणून फ्लॅश आणि त्याच्यापुढं प्रकाश मऊ करणारा पांढरा डिफ्यूजर हवाच. लेन्सवर सगळे पैसे घालवू नका, फ्लॅशपुरते बाजूला ठेवा. ऑटोफोकस बंद करून आपणच किंचित मागं-पुढं व्हायचं. कापसाचं पान हलत असेल तर डाव्या हातानं देठ धरून त्याच मनगटावर लेन्स टेकवा. दव असताना, सकाळी लवकर जा. गारव्यानं किडे आखडलेले असतात.

जुनी लेन्स बघायला जाताना खिशात ज्वारीचा दाणा आणि सहा इंची पट्टी न्या. फोकस सगळ्यात जवळ आणा, दाणा स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा पुढं न्या आणि लेन्सच्या काठापासून दाण्यापर्यंत मोजा. हूड (लेन्सच्या तोंडावरचं आडोशाचं टोपण) लावून पुन्हा मोजा. मग भाव करा.