एमआरआय नॉर्मल, मग आवाज कसे ऐकू येतात?

नाशिकमध्ये द्वारकेला स्कॅन करा नाहीतर कॉलेज रोडला, विशीतल्या मुलाला पहिल्यांदा भास होऊ लागले की रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. घरचे म्हणतात, "मेंदूत काही नाही, नाटकं करतोय." घोटाळा इथेच होतो. साधा एमआरआय गाठ, सूज, रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. असे भास ज्यात होतात तो स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार त्यात दिसत नाही.

संशोधनात डीटीआय (डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग) वापरतात, म्हणजे पाणी कसं सरकतं यावरून मेंदूतले तंतू तपासणारा एमआरआय. पांढऱ्या द्रव्यातलं, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंमधलं, पाणी तंतूंच्या दिशेने सहज सरकतं, आडवं कमी. किमान ६ दिशांनी, चांगल्या अभ्यासात ३० किंवा जास्त दिशांनी मोजून ० ते १ मधला 'एफए' आकडा काढतात; पाणी जितकं एकाच दिशेने सरकतं, तितका तो जास्त. रुग्णांच्या गटाची सरासरी किंचित खाली येते, विशेषतः दोन्ही गोलार्ध जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये. पण रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यावरून एकट्याचं निदान होत नाही. लक्षणांच्या तीव्रतेशी असलेलं नातंही डळमळीतच आहे.

शिवाय मोजमाप नाजूक. अस्वस्थ रुग्णाने डोकं जरा हलवलं की एफए बिघडतो. तंतू एकमेकांना छेदतात तिथे तर ते धडधाकट असूनही आकडा पडतो. म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम नीट बसवायचा आणि हललेली चित्रं एकेक पाहून काढून टाकायची.

डीटीआयसाठी वेगळे पैसे घालवू नका. भास कधी सुरू झाले, झोप किती, गांजा, फिट, सगळं तारखेसह वहीत लिहा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. उपचाराला उशीर होणं जास्त महागात पडतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर १४४१६.