परदेशातली संध्याकाळ आणि एका पॅनमधलं लिंबू चिकन

परदेशात एकट्याने राहायला लागलं की रोज संध्याकाळी तोच प्रश्न: पटकन काय करायचं? कामावरून यायला उशीर होतो, मदतीला कुणी नसतं आणि भांडीही आपणच घासायची असतात. अर्ध्या तासात, एकाच पॅनमध्ये होणारं लिंबाच्या सॉसमधलं चिकन मला म्हणूनच इतकं आवडायला लागलं.

बोनलेस ब्रेस्ट एका बाजूला जाड आणि दुसरीकडे निमुळतं असतं. जाड भाग शिजेपर्यंत निमुळतं टोक कोरडं पडतं. त्यामुळे आडवा काप देऊन साधारण दीड सेंटिमीटर जाडीचे दोन पातळ तुकडे करा. चिकन नळाखाली धुऊ नका. जंतू त्याने मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. कागदाने कोरडं टिपून घ्या. ओल्या चिकनचं पाणी उडून जाण्यातच पॅनची उष्णता खर्ची पडते आणि रंग येत नाही. मग मीठ, मिरपूड आणि वरून मैद्याचा अगदी हलका थर. हाच मैदा पुढे सॉसला दाटपणा देतो.

पॅन शक्यतो स्टीलचा घ्या. नॉनस्टिकमध्ये काही चिकटत नाही, आणि इथे सगळी चव तर त्या चिकटलेल्या थरातच आहे! तेल चांगलं तापलं की चिकन ठेवा आणि चार-पाच मिनिटं अजिबात हलवू नका. खालून खरपूस झालं की ते आपणहून सुटतं. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या ज्या प्रक्रियेतून हा तपकिरी रंग आणि वास येतो, तिचं वर्णन लुई-कमिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली केलं. दुसरी बाजूही तशीच भाजा. सर्वांत जाड भागात थर्मामीटर 74 अंश सेल्सिअस दाखवू लागला की चिकन ताटलीत काढा. स्वयंपाकघरासाठी एकच उपकरण घ्यायचं असेल तर हा थर्मामीटर घ्या, रंगावरून काढलेला अंदाज फसवतो.

पॅन धुवायचा नाही. आच कमी करून ठेचलेला लसूण अर्धा मिनिट परता, अर्धा कप चिकन स्टॉक किंवा पाणी घाला आणि तळाची तपकिरी खरवड लाकडी कालथ्याने खरवडत राहा. ती विरघळते तसा सॉसला रंग चढतो. पाणी निम्मं आटू द्या.

लिंबू गॅस बंद केल्यावरच. उकळत्या सॉसमध्ये घातलं तर आंबटपणा राहतो, पण ताजा वास उडून जातो. दोन मोठे चमचे रस घाला, सालीचा फक्त रंगीत भाग किसून घाला. त्याखालचा पांढरा भाग कडू असतो. मग गार लोण्याचे दोन-तीन तुकडे घालून पॅन गोल फिरवा, सॉस चकचकीत होतो. ताटलीत चिकनला सुटलेला रसही यातच ओता. लोण्याऐवजी भरपूर स्निग्धांशाचं क्रीमही चालतं, पण दूध नको, ते लिंबाने फाटतं.

उरलंच, तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चमचाभर पाणी घालून मंद आचेवर वाफ येईपर्यंत गरम करा. मोठ्या आचेवर लोणी सुटून वर तरंगतं.