अंड्यावर लिहिलेलं मराठी नाव

आमच्या घरात सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणायचे. आजी निघाली की शेजारच्या काकू विचारायच्या, "मशिदीत चाललात का?" आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले शनिवार तेली. जेर्बा बेटावर चालताना आजीचा हा शब्द सारखा ओठांवर येत होता.

2019 चा मे महिना. ट्युनिशियातल्या या बेटावर लाग बाओमेर या ज्यू सणाच्या सुमारास अल घ्रीबा या जुन्या सिनेगॉगची वारी भरते. त्या वर्षी नेमका रमजान चालू होता. टॅक्सीवाल्याने एर्रियाद गावात सोडलं. पुढे पोलिसांचा नाका. 2002 मध्ये घ्रीबाच्या दारात ट्रकमधून स्फोट घडवला गेला, वीसेक माणसं गेली. तेव्हापासून बंदोबस्त कडक असतो.

तिथून किलोमीटरभरच चालायचं होतं. पण डोक्यावर ऊन, पायांखाली धूळ, आणि पुढेमागे पॅरिसहून, इस्राएलहून आलेल्या म्हाताऱ्या बायका. बऱ्याच जणी याच देशात जन्मलेल्या. भाषा कळत नव्हती, तरी एकीने माझा हात धरला तो थेट दारापर्यंत सोडला नाही.

घ्रीबा म्हणजे परकी, एकटी. गावाबाहेर झोपडीत एक अनोळखी मुलगी राहायची. झोपडी जळाली, मुलगी गेली, पण देह जसाच्या तसा राहिला, अशी कथा. दुसरी कथा त्याहून जुनी: यरुशलेमचं पहिलं मंदिर पडल्यावर कोहेन, म्हणजे तिथले पुजारी, मंदिराचा एक दगड घेऊन इथे आले. ती ऐकताना मला कोकणातल्या नवगावचा किनारा दिसत होता. जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका तिथे वाचल्या, त्यांचेच आम्ही वंशज, असं लहानपणापासून ऐकलंय.

आत जाताना जोडे काढायचे, डोकं झाकायचं. निळ्या फरशा, टांगलेले तेलाचे दिवे, मेणबत्त्यांची धग. धर्मग्रंथ ठेवतात त्या कपाटाखाली एक बुटकी पोकळी आहे, बायका वाकून, रांगत तिच्यात शिरतात. अंड्यावर नाव आणि मागणं लिहून आत ठेवायचं: लग्न जमू दे, मूल होऊ दे. माझ्या धाकट्या बहिणीला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. अलिबागजवळ खंडाळ्याला, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या चाकाची खूण आहे तिथे, आईने नवस बोलला होताच. हा दुसरा.

कवच गुळगुळीत, पेन घसरत होतं. मी देवनागरीत तिचं नाव लिहिलं. वेलांटी फिसकटली, बोटाने पुसून पुन्हा काढली. शेजारी एक बाई माझं लिखाण बघत होती. ती मुसलमान, याच बेटावरची. तिनेही सुनेसाठी अंडं आणलं होतं. पेन मागून घेतलं, अरबीत लिहिलं, आणि दोन्ही अंडी स्वतःच्या हाताने शेजारीशेजारी ठेवली. मला रडू आवरलं नाही. तिने पाठीवरून हात फिरवला.

दुपारी मेनारा निघाली: चाकांवरचा लाकडी मनोरा, नवरीसारखा रंगीत रुमालांनी मढवलेला. ढकलायला हात लागावा म्हणून रेटारेटी, मध्येच ढोल, मध्येच गुलाबपाणी. मी माझी ओढणी बांधली. 2023 च्या वारीत इथे पुन्हा हल्ला झाला, गोळीबारात वारकरी आणि पहाऱ्याचे जवान मारले गेले. पुढच्या वर्षी मेनारा बाहेर काढलीच नाही. बातमी वाचली त्या रात्री मला त्या मनोऱ्यावरचे रुमाल दिसत राहिले, आणि माझा हात धरणारी ती म्हातारी.

परतताना सूर्य मावळला. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या टॅक्सीवाल्याने गाडी बाजूला घेतली, अजान होऊ दिली आणि खजुराचा डबा आधी माझ्यापुढे धरला. आमच्या मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या नैवेद्याच्या, ताटातही खजूर असतो. मी खाण्याआधी पुटपुटत बराखा, आमची आशीर्वादाची प्रार्थना, म्हटली. तो थांबला. माझी झाल्यावर त्याने बिस्मिल्ला म्हणून पहिला खजूर तोंडात टाकला.