अ‍ॅशेट, तस्त आणि धुरळा

स्कॉटलंडात, एडिनबराच्या लीथ भागात, लेकीच्या घराखालच्याच रस्त्यावर लोकांनी देऊन टाकलेल्या वस्तूंचं एक दुकान आहे. कुणाच्या तरी आजीच्या कपाटातून निघालेल्या कपबश्या, कान तुटलेली किटली, संच मोडून एकटे उरलेले चमचे. मी तिथे घेत काही नाही, नुसतं उचलून बघते आणि जागच्या जागी ठेवते. परवा शनिवार म्हणून जावईही बरोबर होते. निळ्या नक्षीच्या एका लांबट, भल्या मोठ्या थाळ्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली होती: 'अ‍ॅशेट, ४ पौंड'. जावयांना वाटलं, 'अ‍ॅशट्रे' लिहिताना कुणाचा तरी हात घसरला. एवढा अ‍ॅशट्रे ज्याला लागतो त्याने सिगारेट सोडलेलीच बरी.

अ‍ॅशेट म्हणजे भाजलेल्या मांसाचा अख्खा तुकडा टेबलावर आणायचा थाळा. हे गल्ल्यावरच्या बाईंनी सांगितलं, आणि इंग्लंडात हा शब्द कुणाला कळत नाही, हे जरा जास्तच आनंदाने सांगितलं. मूळ शब्द फ्रेंच, 'असिएत'. स्कॉटलंड आणि फ्रान्स यांचा १२९५ साली तह झाला, तो १५६० पर्यंत चालला. दोघांच्या मध्ये इंग्लंड, दोघांचं त्याच्याशी वैर, तेव्हा दोस्ती टिकणारच. त्या अडीचशे वर्षांत इकडून सैनिक आणि विद्यार्थी गेले, तिकडून वाइन आली, राण्या आल्या, आणि स्वयंपाकघरापर्यंत शब्द आले. तह मोडला, थाळा राहिला.

गोल्फवाल्यांच्या पिशव्या उचलणारा कॅडीही तिथलाच. फ्रेंचमध्ये 'कादे' म्हणजे घरचा धाकटा मुलगा. मग सैन्यात शिकाऊ म्हणून लागलेला खानदानी पोरगा. मग एडिनबरामध्ये निरोप पोचवणारा, ओझी वाहणारा हरकाम्या. आणि शेवटी गोल्फच्या काठ्या सांभाळणारा. धाकट्यांचं सगळीकडे असंच होतं. मी घरात धाकटी, त्यामुळे हे जरा ठासून सांगते.

माझं खरं चित्त अडकलं ते 'तासी'वर. तासी म्हणजे छोटा पेला. स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स, त्याच्या एका गाण्यात लढाईवर निघालेला शिपाई चांदीच्या तासीत वाइन भरून मागतो. हाही शब्द फ्रेंचांकडून आला, फ्रेंचांकडे अरबांकडून, अरबांकडे इराणातून. आणि इराणात तो होता 'तश्त'. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटूनच टाकलं. तश्त! आमच्या आज्जीचं तस्त!

कोरेगावजवळच्या आमच्या आजोळी पितळेचं एक तस्त होतं. पाहुणे जेवून उठायला लागले की ते त्यांच्यापुढे न्यायचं आणि तांब्यातून त्यांच्या हातावर पाणी घालायचं. हे काम माझं. पाण्याची धार बारीक पाहिजे, पाहुण्याच्या धोतरावर थेंब उडता कामा नये, आणि पाहुणा चूळ भरताना तोंडाकडे बघायचं नाही. मी बघायचेच. एका काकांच्या सोन्याच्या दातावर माझं फार लक्ष होतं. तस्ताला काठाशी एक पोचा होता. तो कसा पडला याच्या आज्जीकडे दोन गोष्टी होत्या. एकीत मांजर होतं आणि दुसरीत आजोबांचा राग. ज्या दिवशी आजोबा ओसरीवर असतील त्या दिवशी मांजर.

पाहुणे आले की आणखी एक व्हायचं. एरवी आईच्या तोंडी 'व्हय', 'न्हाई', 'तकडं' असायचं. साताऱ्याहून कुणी हापिसातले आले की तिचं 'होय, नाही, तिकडे' सुरू. आवाजसुद्धा पातळ व्हायचा. मला वाटायचं, ही आपली आई नव्हेच. तस्त उचलून आत नेलं, पाहुणे फाटकाबाहेर गेले, की पुन्हा 'आगं, त्यो तांब्या कुटं ठिवलास?'

ते तस्त पुढे मोडीत गेलं. इराणातून एक शब्द निघतो, त्याची एक वाट दख्खनमध्ये येते आणि त्यात पाहुणे खरकटे हात धुतात. दुसरी वाट स्कॉटलंडला जाते आणि त्यातून शिपाई वाइन पितो. आमच्याकडच्या वाटेचा मान थोडा कमी पडला, एवढंच.

तर त्या दुपारपासून मला नाद लागला. जुने स्कॉट्स, म्हणजे इथल्या लोकांच्या जुन्या भाषेतले, शब्द शोधायचे आणि ते मोठ्याने उच्चारायचे. मोठ्याने उच्चारल्याशिवाय शब्द आपला होत नाही अशी माझी समजूत आहे. नात म्हणते, आजी भिंतीशी बोलते. बोलू देत. पूर्वी एडिनबराच्या उंच इमारतींतून रात्री घाण पाणी खाली रस्त्यावर ओतायचे आणि ओतण्याआधी 'गार्डीलू!' अशी आरोळी ठोकायचे. तीही मोडक्यातोडक्या फ्रेंचमधली, 'पाणी सांभाळा' अशा अर्थाची. आता मी मोरीत भाताची पेज ओतताना 'गार्डीलू' म्हणते. खाली कुणी नसतं, पण सवय चांगली.

सगळ्यांत मोठा हात मारला तो 'स्टूर' शब्दावर. स्टूर म्हणजे धूळ, त्यातही उडालेली. आपला धुरळा. एसटी फाट्यावरून वळून गावाकडे यायची तेव्हा आधी दिसायचा तो स्टूर आणि मग दिसायची ती एसटी. पण मूळ शब्दाचा धुळीशी संबंधच नाही. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ लढाई, हातघाई. स्कॉटलंडच्या १४व्या शतकातल्या वीरकाव्यातही तो याच अर्थाने येतो, इंग्रजांना पिटाळलं त्या वर्णनांत. मग लढाईवरून गोंधळ, गोंधळावरून घोड्यांच्या टापांनी उठलेली धूळ, आणि होता होता नुसतीच धूळ. व्हॅक्यूम क्लीनरला इथे गमतीने 'स्टूर-सूकर' म्हणतात, म्हणजे धूळ ओढणारा. १३१४ साली इंग्रजांशी झालेल्या बॅनकबर्नच्या रणात जे घुमत होतं ते आता लेकीच्या सोफ्याखालून निघतं, आणि ते काढायची पाळी माझी.

यावरून माझा एक सिद्धांत जवळजवळ तयार झाला होता. थोर शब्द म्हातारपणी घरात येऊन राहतात. रणातून, दरबारातून निवृत्त होतात आणि फडताळात, कोनाड्यात, पलंगाखाली जागा धरतात. छान होता सिद्धांत. लेकीला रात्री जेवताना सांगायचा म्हणून वाक्यंसुद्धा जुळवली होती. तेवढ्यात 'स्मेडम' भेटला. स्मेडम म्हणजे धमक, जिगर, माणसातलं सत्त्व. शेतावर राबणाऱ्या, नवऱ्याला न जुमानणाऱ्या बाईत असतं ते. आणि मुळात? मुळात स्मेडम म्हणजे बारीक दळलेलं पीठ. म्हणजे हा जात्यापाशी जन्मला आणि वर चढत गेला. सिद्धांत बारगळला. जेवताना आम्ही नातीच्या दाताबद्दल बोललो.

तिचा दात 'शूगली' झालाय. हलतोय. वर्गातली सगळी मुलं असंच म्हणतात, आणि मलाही वाटतं की हलणाऱ्या दाताला शूगलीइतका नेमका शब्द नाही; तो म्हणतानाच जीभ दाताला लागते. जावयांच्या कचेरीत कुणाची नोकरी धोक्यात आली की त्याचा कोट शूगली खुंटीवर आहे असं म्हणतात. कोटाची खुंटी डळमळली, आता कधी पडेल सांगता येत नाही. गेला महिनाभर ते स्वतःचा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवतात म्हणे.

हवेच्या शब्दांविषयी फार बोलायला नको, इथे दुसरं कुणी काही बोलतच नाही. समुद्रावरून गारठलेलं धुकं येतं तो 'हार', अंगाला लागतो न लागतो असा पाऊस तो 'स्मर', आणि सकाळपासून राखाडी, ओला, लांबच लांब दिवस तो 'ड्रीख'. यातली ख घशातून खरवडून काढायची असते. ड्रीखचा मूळ अर्थ टिकणारा, लांबत जाणारा. पूर्वी प्रवचनालाही म्हणत. बर्फाचे तर ४२१ शब्द निघाले अशी बातमी २०१५ साली ग्लासगो विद्यापीठातून आली होती. असल्या आकड्यांवर माझा विश्वास जरा कमीच. कोश उघडून बसलं की आपल्याकडेही भांडणाचे तेवढे निघतील. पण त्या ४२१ मध्ये एक 'फीफल' आहे, कोपऱ्यावरून वळताना बर्फाने घेतलेली गिरकी, आणि त्या एका शब्दाकरता बाकीचे ४२० मी मान्य करते.

आणि ग्लॅमर! आपल्या सिनेमाच्या पुरवण्यांतलं ग्लॅमर हे मूळचं स्कॉट्स, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने जगभर नेलेलं. अर्थ चेटूक, नजरबंदी. आणि निघालं कशातून, तर 'ग्रामर'मधून. ज्याला व्याकरण येतं त्याला लॅटिन येतं, ज्याला लॅटिन येतं त्याला मंत्रतंत्रही येत असणार, असा त्या काळच्या अडाणी माणसाचा हिशेब. आम्हाला व्याकरण शिकवणाऱ्या बाई समास सोडवताना डोळे मिटून घेत आणि हातातला खडू हवेत थांबे. वर्ग चिडीचूप. हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

हे सगळं गोळा केलं कुणी, तर जॉन जेमिसन नावाच्या एका पाद्र्याने. त्याची आधी समजूत अशी की स्कॉट्स म्हणजे बिघडलेली इंग्रजी. फॉरफर गावात असताना त्याला थॉर्केलिन नावाचा आइसलंडचा पंडित भेटला. पंडित म्हणाला, अरे, तुमच्या या भागातल्या लोकांच्या तोंडी मी असे शब्द ऐकतोय जे आमच्याकडचे आहेत, इंग्रजीत कधी नव्हतेच. जेमिसनने शेतकऱ्यांच्या, विणकरांच्या तोंडचे शब्द टिपायला घेतले आणि १८०८ साली त्याचा दोन खंडांचा कोश आला. पाहुण्याने सांगेपर्यंत घरच्याला पत्ता नाही.

त्याच्या आधीच्या पिढीतले शहाणे तर उलट्याच उद्योगात होते. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५२ साली स्कॉट्स धाटणीच्या शब्दांची यादी छापली, ते टाळता यावेत म्हणून. जेम्स बीटीने १७७९ मध्ये तसलंच अख्खं पुस्तक काढलं. एडिनबरातल्या सभ्य लोकांनी १७६१ साली पैसे मोजून इंग्रजी उच्चारांवरची व्याख्यानं ऐकली, तीही थॉमस शेरिडन नावाच्या आयरिश नटाची. ह्यूम स्वतः जन्मभर जाडजूड स्कॉट्समध्येच बोलत राहिला. मरताना त्याने पापांची नव्हे, स्कॉट्स शब्दांची कबुली दिली, असा विनोद सांगतात.

आणि याच मुलखातल्या लॉडर गावचा मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आला, हर्णै-बाणकोटकडे राहून मराठी शिकला, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला त्याने मराठीच्या घडणीवर प्रस्तावनेदाखल टिपण लिहिलं. आपण विल्सन कॉलेजवरून बसने जातो तो हाच. आजोबांकडच्या मोल्सवर्थमध्ये ती पानं मी कितीदा उलटली असतील. ज्याच्या लहानपणीच्या बोलीला त्याचेच लोक अशुद्ध म्हणत, तो आपल्या भाषेत काय कुठून आलं ते निवडत बसला होता.

आता दिवस पालटलेत म्हणे. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा विचारलं तेव्हा १५ लाखांवर लोकांनी सांगितलं, आम्हाला स्कॉट्स बोलता येते. २०२५ मध्ये कायदा करून तिला अधिकृत दर्जाही दिला. २५ जानेवारीला बर्न्सचा वाढदिवस, तेव्हा शाळेत मुलांकडून स्कॉट्स कविता पाठ करून घेतात. नातीने उंदरावरची म्हटली, बक्षीस आणलं. २६ जानेवारीला पुन्हा इंग्रजी.

खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे, अ‍ॅबर्डीनकडचे. तिकडच्या बोलीला डोरिक म्हणतात आणि तिच्यात 'व्हॉट'चं 'फिट' होतं, 'व्हेअर'चं 'फार'. 'कसं काय' विचारायचं तर 'फिट लाइक?' त्याहून जवळचा माणूस असेल तर 'फूज यर डूज?' म्हणजे तुझी कबुतरं कशी आहेत, आणि उत्तर, 'आय पेकिन', टिपतायत दाणे. त्यांच्या लहानपणी शाळेत हे बोललं की चामड्याचा पट्टा बसायचा, तळहातावर, कधी मनगटापर्यंत. हे त्यांनी मला फार शुद्ध, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. त्यांचं डोरिक मी जिन्यातून ऐकते, कारण डोरिकमध्ये ते फक्त कुत्र्याशी बोलतात.

काल ते कुत्र्याला घेऊन वर येत होते, मी दुधाची बाटली घेऊन खाली जात होते. मी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. 'फिट लाइक?' म्हटलं.

त्यांनी टोपीला हात लावला आणि म्हणाले, ''व्हेरी वेल, थँक यू.''

कुत्र्याने मात्र वळून पाहिलं.