शिकवायला गेलेलीस का फिरायला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. थायलंडमध्ये शाळेत इंग्लिश शिकवून परत आल्यापासून हा प्रश्न मला कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जवळपास प्रत्येक ओळखीच्या माणसानं विचारलाय, भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर भेळ खाताना. शेजारच्या काकू तर सरळच म्हणाल्या, "अगं, शिकवायला गेलेलीस का फिरायला? आमच्या पोरीनं दाखवले की फोटो मोबाईलवर, कधी धबधबा, कधी देऊळ, शाळा काय कुठं दिसंना." आता काकूंना काय सांगणार, सोमवार ते शुक्रवार घामानं भिजलेल्या कपड्यात पंचेचाळीस पोरांकडून एकच वाक्य परत परत म्हणून घेताना फोटो कोण काढतंय?

मी होते नाखोन रात्चासिमाला. एवढं मोठं नाव तिथलेही घेत नाहीत, सगळे कोरात म्हणतात. बँकॉकच्या ईशान्येला अडीचशे किलोमीटरवर, समुद्र नाही, बीच नाही, म्हणजे आपल्याकडचे लोक थायलंड म्हटलं की जे डोळ्यासमोर आणतात त्यातलं काहीच नाही. नोकरी एजन्सीमार्फत एका सरकारी शाळेत. आणि हो, "इंडियन माणूस इंग्लिश शिकवायला चालतो का त्यांना?" हे पण विचारतात सगळे. चालतो, पण निम्म्या जाहिरातींत 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि उरलेल्या निम्म्यांत पगार कमी. आमच्या स्टाफरूममध्ये फिलिपिन्सच्या मॅडम होत्या, वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या, त्यांना काल आलेल्या गोऱ्या पोरापेक्षा कमी मिळायचे. मला ते शेवटपर्यंत पटलं नाही. कारण पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या माणसाला इंग्रजी नेमकं कुठं अडतं ते ठाऊक असतं, जन्मापासून बोलणाऱ्याला ते सांगूनही कळत नाही.

दिवस असा असायचा. साडेसातच्या आत मशीनवर बोट लावायचं, आठला राष्ट्रगीत. तिथं सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला ते सार्वजनिक ठिकाणी पण लागतं, स्टँडवर, बागेत, चालता माणूस आहे तिथं थांबतो. मग झेंडा, प्रार्थना, आणि मग एक सर माईक हातात घेऊन उन्हात उभ्या पोरांना शिस्तीवर बोलणार, हे मात्र डिट्टो आपल्यासारखं. सोमवारी थाई शिक्षक खाकी सरकारी युनिफॉर्ममध्ये, पहिल्या सोमवारी मला वाटलं शाळेत पोलीस आलेत. वर्गाबाहेर बुटांचा ढीग, आत शिरलं की सगळा वर्ग उभा राहून एका सुरात "गुड मॉर्निंग टीचर", आपण हाऊ आर यू म्हटलं की "आय ॲम फाईन थँक यू अँड यू", ताप असलेलं पोरगं पण फाईन, रडून डोळे सुजलेली पोरगी पण फाईन.

हजेरी घेणं हा वेगळाच कार्यक्रम. तिथं खरं नाव लांबलचक असतं म्हणून प्रत्येकाला जन्मापासून टोपणनाव, आणि ते शाळेतही चालतं. आपल्याकडं पिंट्या-बंटी असतात तसं, पण त्यांच्याकडं आईस, बँक, बेंझ, मिंट, फिल्म असली. "बँक आज का आला नाही?" "टीचर, बँक सिक." पहिले काही दिवस मला चेहरा सरळ ठेवायला जड गेलं.

शिकवण्यातली खरी मारामारी शब्दाच्या शेवटाशी. लाईक, लाईट, लाईन, लाईफ, चारही शब्द पोरं "लाय" म्हणतात. त्यांच्या भाषेत असल्या स्वरानंतर लगेच व्यंजन येतच नाही, त्यामुळं जीभ तिथं जाऊन थांबते. आधीच्या टीचरनं नुसतं जोरजोरात म्हणायला लावलेलं, त्यानं लाय आणखी मोठ्यानं ऐकू यायला लागला एवढंच. मी शेवटच्या आवाजाला बाकावर टिचकी मारायला लावली, ला-य-टिचकी, आणि टिचकीबरोबर क किंवा ट किंवा फ तोंडातून बाहेर पडलाच पाहिजे, तोंडासमोर धरलेल्या तळव्याला हवा लागली पाहिजे. दोन आठवडे वर्गात नुसता ढोल-ताशा. शेजारच्या गणिताच्या सरांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली. पण त्यातल्या बऱ्याच पोरांचा ट आला, आणि तो आला त्या दिवशी मी एकटीच कँटीनमध्ये बसून दोन आईस्क्रीम खाल्ली.

जूनमधल्या एका गुरुवारी शाळेत गुरुपूजा असते, वाय ख्रू म्हणतात. हे कुणी मला आधी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे शिक्षक स्टेजवर खुर्च्यांत, आणि पोरं जोडीजोडीनं गुडघ्यांवर चालत येतात, हातात फुलांची सजवलेली तबकं, आणि पायाशी वाकतात. माझ्या मांडीवर ठेवलेल्या तबकाकडं मी बघितलं तर काय, दुर्वा! चक्क दुर्वा, त्यात खोचलेली रुग्मिणीसारखी लाल फुलं, वांग्याची जांभळी फुलं आणि लाह्या. शेजारच्या थाई मॅडमनी हळूच समजावलं: दुर्वा कुठंही पसरते तसं ज्ञान पसरावं, लाल फुलाची कळी सुईसारखी टोकदार असते तशी बुद्धी व्हावी, वांग्याचं फूल फळ धरताना खाली वाकतं म्हणून नम्रता. आमच्या घरी गणपतीला दुर्वा निवडताना आजीनं मला कधी कारणं सांगितली नव्हती, निवड म्हणाली, निवडल्या.

आता फिरायचं बोलू. वीकएंड म्हणजे शनिवार-रविवार मोकळा, असं कागदावर. शुक्रवारी दुपारी तीनला लाईन ॲपवर मेसेज येणार, उद्या इंग्लिश कँप आहे टीचर, सहाला या. ते वाचून बसचं तिकीट वाया. म्हणून मी लांबचे बेत सोडून दिले आणि एकच नियम केला, सकाळी निघून रात्री परत येता आलं पाहिजे. चिआंग माई, बेटं वगैरे सगळं ऑक्टोबरच्या सुट्टीसाठी ठेवलं. आणि खरं सांगू का, त्या बेटांपेक्षा मला ही दिवसभराची ठिकाणंच जास्त आठवतात, कारण तिथं मी कुणाबरोबर तरी गेले, टूरवाल्याबरोबर नाही.

फिमाईला वाय ख्रूच्या दिवशीच्या त्याच थाई मॅडम घेऊन गेल्या, साठेक किलोमीटर. ख्मेर राजांच्या, म्हणजे आजच्या कंबोडियातल्या राजांच्या, काळातलं अकराव्या-बाराव्या शतकातलं दगडी मंदिर, त्यांच्या अंगकोर राजधानीहून थेट रस्ता होता म्हणे तिथपर्यंत. बौद्ध मंदिर, पण दारांवरच्या पट्ट्यांवर रामायण कोरलेलं. मॅडम मला थाई नावांनी गोष्ट सांगत होत्या आणि मी त्यांना आपल्या नावांनी, वानर मोजता मोजता दुपार झाली. परत आल्यावर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर पहिल्यांदा नीट वेळ काढून बघितलं, इतकी वर्षं नुसतं "जाऊ की कधीतरी" चाललेलं.

खाओ याई थायलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९६२ चं. तिथं परदेशी माणसाला तिकीट ४०० बात (तिथलं चलन) आणि थाई माणसाला ४०, मी वर्क परमिट दाखवून बघितलं, गेटवरचा माणूस हसला आणि ४० घेतले, पण पुढच्या वेळी दुसरा होता, तो काय हसला नाही. आत हत्ती रस्त्यावर येतात आणि गाड्या मुकाट्यानं थांबून राहतात. हॉर्न नाही! कोल्हापूरच्या माणसाला हत्तीपेक्षा त्याचंच जास्त आश्चर्य.

आणि 'या मो', म्हणजे मो आजी. गावाच्या मधोमध चौकात या बाईंचा पुतळा आहे, १९३४ साली बसवलेला. १८२६-२७ मध्ये आजच्या लाओसमधल्या व्हिएन्तिआनच्या राजाच्या फौजेनं कोरात घेतलं आणि लोकांना कैद करून न्यायला लागले, तेव्हा कोरातच्या उपसुभेदाराच्या या बायकोनं सैनिकांना दारू पाजून कैद्यांना उठवलं आणि फौजेला पळवलं असं सांगतात. लोक तिला नवस बोलतात, पावला की गाणाऱ्या बायकांना पैसे देऊन तिच्यासमोर कोरातचं लोकगीत म्हणून घेतात. मी दर रविवारी संध्याकाळी तिथं बसायची. आमच्याकडं पण कावळा नाक्याला घोड्यावर ताराराणी आहेत, औरंगजेबाशी लढलेल्या, हे मी फोटो दाखवून सांगितलं तेव्हा हार विकणाऱ्या मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "नवस कसला चालतो त्यांना?" मला काय उत्तर देता आलं नाही.

खाण्याचं थोडक्यात. मला वाटायचं आपण तांबडा रस्सा पिऊन मोठे झालोय, आपल्याला कोण तिखट खायला घालणार. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर, ती विकणाऱ्या बाईनं विचारलं मिरच्या किती, मी ऐटीत पाच बोटं दाखवली. त्यानंतर बराच वेळ मी नुसता चिकट भात खात होते आणि बाई माझ्यापुढं बर्फ ठेवत होत्या.

एकटी फिरायला भीती वाटली का, हे बायका आवाज खाली करून विचारतात. फार नाही वाटली. रात्री नऊला मिनी व्हॅनमधनं उतरून चालत खोलीवर यायची, रस्त्यावर खाण्याच्या गाड्या, उजेड, बायका गाड्या चालवतायत. भीती वाटायची ती भटक्या कुत्र्यांची.

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी, कारण मला फोन करून लोक फक्त धबधब्यांचं विचारतात. सीमेवरच्या नोंग खाईहून पूल ओलांडला की लाओस, ट्रेननं जाता येतं, मोह होतोच, पण री-एन्ट्री परमिट न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की तुमचा व्हिसा तिथंच संपतो. एकदाचं परमिट १००० बात, इमिग्रेशन ऑफिसात आधी जाऊन काढायचं. आणि करार सही करायच्या आधी महिने मोजा. बरेच एजन्सीवाले दहा-अकरा महिन्यांचाच करार करतात, म्हणजे एप्रिलमध्ये सोंगक्रानला, थाई नववर्षाला, अख्खा देश रस्त्यावर पाणी उडवत असतो, तुम्हाला भरपूर सुट्टी असते, आणि खात्यात पगार नसतो. मी तो सगळा एप्रिल कोरातमध्येच काढला, पंख्याखाली.