प्रतिमांची वही: दोन बगळे आणि एक हत्ती

प्रेमकवितांतल्या निसर्गप्रतिमांची वही नव्याने लावायला घेतली आहे. आतापर्यंत चंद्र, ढग, वेल, भुंगा अशी वस्तूंप्रमाणे पानं होती. चंद्राची पानं फुगत गेली, पण चेहऱ्याला चंद्र म्हणून झालं की पुढे काय? आता रकाने वेगळे: जागा, वेळ, आणि तिथला प्राणी काय करतोय.

ही मांडणी संगमकालीन, म्हणजे प्राचीन तमिळ साहित्यातल्या ‘अकम’ (प्रेमविषयक) कवितांवरून उचलली. तिथे भूप्रदेशावरूनच नात्याची अवस्था कळते. कुरिंजीचा डोंगर मीलनाचा, मुल्लैचं रान धीराने वाट पाहण्याचं, मरुदमची शेतं रुसव्याची, नेय्दलचा किनारा झुरण्याचा, पालैचा रखरखाट ताटातुटीचा. नायिका कुठे उभी आहे हे समजलं की निम्मी कविता कळलीच.

सगळ्यात जास्त वेळ बगळ्याने घेतला. गाथासप्तशती या जुन्या प्राकृत गाथासंग्रहात नायिका प्रियकराला म्हणते, बघ, कमळाच्या पानावर बगळी कशी निश्चल बसलीय, पाचूच्या थाळीत शंखशिंपला ठेवावा तशी. उपमा सुंदरच, पण खरी गंमत मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात उलगडली आहे. पक्षी बिचकलेला नाही, म्हणजे इथे माणसांची वर्दळ नाही, भेटायला जागा उत्तम. किंवा मग दुसरा अर्थ: खोटं बोलतोस, तू इथे आलाच नव्हतास! आमंत्रण आणि आरोप, दोन्ही एकाच पक्ष्याच्या जिवावर.

त्याच्या शेजारी कुरुन्तोकै या संगमकालीन संग्रहातली कपिलर या कवीची पंचविसावी कविता लिहिली. आम्ही एक झालो तेव्हा तिथे कुणीच नव्हतं, ती सांगते. तो चोर, म्हणजे प्रियकर, तेवढा होता. आता तोच नाकारू लागला तर? शिवाय एक बगळा होता, राळ्याच्या धाटासारख्या पायांचा, वाहत्या पाण्यात माशावर डोळा ठेवून. साक्षीदार मिळाला तोही असा, ज्याचं लक्ष भलतीकडेच! (माझ्या मते तिची भीती त्या माशात आहे.)

पालैची पानं आता सुरू केलीत. कुरुन्तोकैच्या सदतिसाव्या कवितेत मैत्रीण विरहिणीला धीर देते: तो गेलाय त्या वाटेवर हत्ती आपल्या भुकेल्या हत्तिणीसाठी झाडाची साल सोलतो. ते दृश्य त्याला दिसेल, म्हणजे तो परतेल. हा हत्ती तिने पाहिलेला नाही, त्याने पाहावा अशी आशा आहे. त्यामुळे ‘कुणाच्या नजरेतून’ असा आणखी एक रकाना आखावा लागला. गाथांच्या जुन्या नोंदीही आता त्यात भरायच्या आहेत.